डावं दार

गाडीच्या ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार खड्ड्यांतून खडखडे, आणि हातानं दाबून धरलं की गप्प होई. वणीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आभाला त्यात नवल वाटलं नव्हतं. काहीतरी सैल असणार. पूर्वी तिथे तिचा नवरा, सलील, कोपर टेकून बसे. म्हणून आवाज कधी ऐकू आला नसेल.

गेल्या पावसाळ्यात सलील वर्धा नदीच्या पुरात वाहून गेला. देह सापडला नाही. सासूबाई विमलताई सारख्या म्हणत, “पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देऊ त्याले. काहून अडवून ठेवलं तू?”

“बघू,” आभा म्हणे. पुतळा जळला की वाट पाहणंही संपणार होतं.

हिरासिंग मिस्त्रीनं दाराचं पॅड उघडलं, क्लिपा बदलल्या, काचेच्या मशीनला कापडी पट्टी लावली. आवाज तसाच.

“समदं टाइट हाय, मॅडम. दार रुसलं वाटते तुमच्यावर! चला, मी चालवतो, तुम्ही मांगं बसून कान द्या.”

दुपारच्या उन्हात गाडी मुकुटबनच्या रस्त्याला लागली. कोळशाच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता. दार एकसारखं खडखडत होतं. मग मधेच थांबलं. पुढचा खड्डा मोठा होता. तरी आवाज नाही.

“बसलं पाहा!” हिरासिंग खुशीत म्हणाला.

तेवढ्यात सीटबेल्टची पिकपिक सुरू झाली.

“बाजूच्या शिटवर पर्स ठेवली का? वजन पडलं की वाजते हे.”

पर्स आभाच्या मांडीवर होती. पुढची सीट रिकामी होती.

“आता हे बी बिघडलं.” त्यानं गाडी कडेला घेतली, बाजूच्या सीटचा पट्टा ओढून खटक्यात अडकवला. पिकपिक थांबली.

रिकाम्या सीटवर पट्टा पाठीला चिकटून बसायला हवा होता. तो वीतभर पुढे, फुगून उभा राहिला.

मग जरा खाली बसला. पुन्हा फुगला.

“उतरा, मॅडम.” हिरासिंगचं दार उघडंच राहिलं, तो रस्त्यापलीकडच्या कपाशीत जाऊन थांबला होता.

आभा मागेच बसून राहिली. नदीच्या गाळाचा वास आला.

पट्टा एका बाजूनं ताणला गेला. बसलेलं कुणी मागे वळून पाहावं, तसा.

इतके महिने तिनं याचीच वाट पाहिली होती.

“सलील,” ती म्हणाली, “रविवारी तुझा पुतळा जाळतोय आम्ही.”