कुठलंही झाड चालणारा पतंग

नामशेष झालेला राखपंखी पतंग परत आला होता, आणि त्याचा सुरवंट ग्रामपंचायतीच्या टेबलावर बशीतलं गाजर कुरतडत होता.

ते पाहून सरपंच शेवंता गावडेचं डोकंच फिरलं. हा सुरवंट सुरंबीच्या पानाशिवाय कशालाही तोंड लावत नसे. सुरंब्या तुटल्या तसा पतंगही संपला. पुढे संग्रहालयातल्या एका वाळक्या पंखापासून शास्त्रज्ञांनी तो पुन्हा जन्माला घातला. अशा जिवाचं झाड तोडायचं नाही, असा कायदा होता. उंबरमाळची सुरंबीची राई त्या कायद्यानं वाचली होती, आणि राईमुळे गाव बुडवणारं धरण अडलं होतं.

"आम्ही याचा रुचिमोक्ष केला," त्या शास्त्रज्ञांपैकी एक, डॉ. विभावरी नाडकर्णी म्हणाल्या. "असं बघा, मेंदूत एक कुलूप असतं. हाच वास माझा, बाकीचे परके. ते कुलूप काढलं. आता याला कुठलंही झाड चालतं. हा पुन्हा कधी नामशेष व्हायचा नाही."

"लई हुशारी केलीत. म्हंजे आता आमची राई तोडायला मोकळे."

"तुमचीही सोय आहे, अक्का. माणसातही तसंच कुलूप असतं. नाकात थेंब घातले की कुठलंही गाव आपलं वाटतं. झुरणं नाही, रडणं नाही."

"माझं रडणं तुमच्या डोळ्यांत का खुपतंय? तुमचे थेंब तुम्हालाच लखलाभ."

ग्रामसभेतही तिनं साफ नकार दिला. पण तिची लेक वैजू धरणाविरुद्धच्या रोजच्या मोर्च्यांना विटली होती. तिनं थेंब घेतले आणि धरणग्रस्तांसाठी बांधलेल्या नव्या वसाहतीत राहायला गेली.

महिन्याभरानं शेवंता तिला भेटायला गेली. नाडकर्णीही सोबत होत्या. वैजूनं हसत दार उघडलं, पाणी दिलं. अंगानं चांगली भरली होती.

"आठवण येते का गं माझी?"

"कशाला येईल? शेजारच्या काकू आहेत की. जेवायला वाढतात, डोक्याला तेल लावतात." वैजू अगदी मायेनं बोलत होती. "तुम्ही पण बसा ना."

आईला ती आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाली होती.

नाडकर्णींनी मान खाली घातली. "थेंब घ्या, अक्का," त्या हळूच म्हणाल्या. "मग हे दुखणार नाही."

शेवंताला हुंदका फुटला. तिनं तो लपवला नाही.

"न्हाई घेणार. ही माझी लेक हाय, हे आता मला एकटीलाच ठाऊक हाय. तेवढं मी तुम्हाला पुसू देणार न्हाई."