नाथाजीचा स्लो

उंब्रजला हायवेच्या खालच्या अंगाला माझं गॅरेज आहे. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, त्यामुळे यंत्राला मन असतं वगैरे मला कुणी सांगू नये. यंत्राला जेट असतो, पेट्रोल यायचं बारीक भोक, तो चोंदतो. एवढंच.

माझा दोस्त नाथाजी सुभेदार होऊन पलटणीतून परत आला, पण त्याच्या जुन्या फटफटीचा स्लो त्यानं मला कधी लावू दिला नाही. स्लो म्हणजे गाडी जागेवर उभी असताना इंजिन किती सावकाश चालावं ते. इंजिनाला पेट्रोल पाजणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू तो स्वतः पिळायचा आणि चहाचा भरला ग्लास टाकीवर ठेवायचा. चहा हिंदकळला की पुन्हा स्क्रू. हिंदकळायचा थांबला की तोच चहा पिऊन ग्लास सीटवर पालथा घालायचा. "तुझा स्लो म्हंजी रिक्षा, गड्या," हे वर ऐकवायचा. एवढा आगाऊ माणूस, पण माझा त्याच्यावर फार जीव होता.

गेल्या दिवाळीनंतर तो वारला. मुलाकडे, ऋषिराजकडे, पुण्यात गाडी ठेवायला जागा नाही. रविवारी गिऱ्हाईक येऊन ती नेणार होतं. शुक्रवारी त्याच्या बायकोचा, राहीबाईवहिनींचा फोन आला.

"भावजी, गाडी जायच्या आधी एकदा त्यांच्यावानी वाजू द्या. मग माझं काय म्हननं न्हाई."

चरेगावला त्यांच्या अंगणात मी दोन तास झटलो. वहिनी उंबऱ्यावर डोळे मिटून ऐकायच्या आणि मान हलवायच्या.

"ह्यो न्हाई. त्यो लय निवांत असायचा."

टाकीवरचा चहा तीनदा सांडला. जेट चोंदला असणार, म्हणून शेवटी कार्बोरेटरच काढला आणि फडक्यात गुंडाळून गॅरेजवर आणला. उद्या बसवतो म्हणालो.

शनिवारी सकाळी दहाला कार्बोरेटर माझ्यापुढं ट्रेमध्ये पेट्रोलात सुटा पडला होता. जेट वेगळा, फ्लोट वेगळा, स्क्रू माझ्या चिमटीत. फोन वाजला.

"भावजी, कवा बसवून गेलासा? मी न्हाणीत हुते, हाक तरी मारायची."

त्यांच्यामागं इंजिन चालू होतं.

मी ट्रेकडं पाहिलं.

ठोके मोजता येत होते. एक. मग जरा थांबून दुसरा. असा स्लो माझ्या हातून उभ्या जन्मात लागला नाही.

"ह्योच त्यो," वहिनी म्हणाल्या. त्या रडत होत्या.

"व्हय वहिनी," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? "जरा घाईत होतो."

"घाईत कसलं! टाकीवर म्या सवयीनं च्या ठेवला हुता, त्यो पिऊन गेलासा की."

फोनमधला इंजिनाचा आवाज जवळ आला.

"गिलास सीटवर पालथा हाय, भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "आजून हाताला गरम लागतुया."