सासूबाईंची ऊब

तबरीझमध्ये त्या दुपारी बर्फ पडत होतं आणि सोलमाज बाळाच्या खोलीतल्या गार रेडिएटरशी झटत होती. काम साधंच. वरच्या कोपऱ्यातला स्क्रू चावीनं सैल करायचा, अडकलेली हवा जाऊ द्यायची. पण हवा नव्हतीच. लगेच काळपट, गार पाणी बशीत ठिबकलं. पाळण्यात तान्ह्या एल्शनची छाती घरघरत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली गार पडू देऊ नका.

गरम पाणी कुठं मुरतंय, ते तिला ठाऊक होतं. बॉयलरजवळची पहिली खोली सासूबाईंची. बाई जाऊन महिना झाला, तरी चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत तिथला रेडिएटर पूर्ण उघडा ठेवायचा, हा नणंदेचा, इफ्फतचा हुकूम. जिवंतपणीही म्हातारीनं साऱ्या घराची ऊब एकटीनंच लाटली होती.

"आज गुरुवार आहे," स्वयंपाकघरात हलवा परतता परतता इफ्फत म्हणाली. "गुरुवारी संध्याकाळी गेलेली माणसं घरी येतात. आईही येईल. तिची खोली गार केलीस तर बघ."

"वन्सं, मेलेल्यांना थंडी वाजते?"

"कॉलेजात हेच शिकवलं वाटतं! जीव जाईपर्यंत कुडकुडत होती गं ती."

"माझा पोरगा आत्ता कुडकुडतोय. तुमच्या पाहुण्यांना म्हणावं, मोजे घालून या."

ती तरातरा त्या खोलीत शिरली. आत कोंदट उष्मा, लोकरीचा आणि मलमाचा वास. तिनं नाक मुरडलं आणि रेडिएटरचा कॉक घट्ट फिरवून बंद केला.

टक्...

ती दचकली. मग स्वतःवरच चिडली. पाइप निवताना वाजतात, एवढंही कळू नये? टक्... टक्... आवाज भिंतीतून निघाला, दाराबाहेर पडला आणि बोळातून तिच्या पुढे पुढे बाळाच्या खोलीकडे गेला. पाणी वाट बदलतंय, तिनं मनाला समजावलं.

थोड्या वेळानं बाळाचा रेडिएटर खरंच तापला.

"बघा वन्सं! कुणी आलं नाही, गेलं नाही. ऊब तेवढी आली," ती कुत्सितपणे हसली.

हसत हसत तिनं रेडिएटरवरून हात फिरवला. डावीकडे चटका. उजवीकडे चटका. मध्ये मात्र माणसाच्या पाठीएवढा भाग... बर्फासारखा. हवा अडकली तर वरची कड गार राहते. मधोमधचा भाग नाही. ती हात टेकवून तशीच उभी राहिली. मग तो भागही सावकाश तापू लागला, टेकून बसलेलं कुणीतरी उठल्यासारखा.

"वन्सं..." तिनं हाक मारली. "वन्सं, इकडे या ना..."

तिनं धावत जाऊन एल्शनला उचललं. कपाळ ऊबदार, पाय ऊबदार. छातीची घरघरही थांबली होती. फक्त पाठीवर, झबल्याच्या आत, तिच्या बोटांना तळहाताएवढा गारवा लागला. आणि तो गारवा हळूहळू वर सरकत त्याच्या मानेखाली गेला... तान्ह्या बाळाला दुसऱ्याच्या हातून घेताना मान सावरतात ना, तसा.