उलटा वळसा

हे मी कोणाला सांगायचं नाही. अम्मींनी माझाच हात माझ्या डोक्यावर ठेवून तसं माझ्याकडून वदवून घेतलं आहे. पण मी सांगत नाही, लिहिते आहे. लिहिणं सांगण्यात मोडतं की नाही, हे दोन दिवस विचार करूनही मला ठरवता आलं नाही. वही गणिताची आहे. मागची पानं कोरी होती.

आमचं घर मंगरूळपीरला, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत अब्बांचं दुकान. अब्बा म्हणजे सैफुद्दीन मिस्त्री. रेडिओ आणि भोंगे दुरुस्त करतात. माझा मोठा भाऊ युनूस त्यांच्याच हाताखाली शिकला. मागच्या वर्षी उरुसानंतर तीन दिवसांच्या तापाने तो गेला.

चैत्रातल्या एका सोमवारी सकाळी आमच्याकडच्या मालेगावचे उदयसिंग आले. बैलगाडीतून त्यांनी भोंग्याची पेटी, मोटारीची बॅटरी आणि चादरीत गुंडाळलेली गिटार उतरवली. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची गिटार. तिचा आवाज तारेतून पेटीत जातो, पेटीतले काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल झाले की तो मोठा होतो आणि भोंग्यातून बाहेर येतो. ती पेटी युनूसभाईनेच त्यांना बनवून दिली होती.

“सैफुद्दीनभाई, आवाज लय गोड हाय,” उदयसिंग म्हणाले, “पन मांडवात कोनाले आयकूच येत नाही. मच्छर गुणगुणून राह्यला असं वाटते.”

“पेटी मच्छरावानी हाय का वाजवनाऱ्याचा हात, ते पाहा लागन पहिले,” अब्बा म्हणाले.

उदयसिंग मोठ्याने हसले. “जुम्म्याले येतो. बहिणीच्या लग्नात वाजवाची हाय. इज्जत तुमच्या हातात.”

ते गेल्यावर अब्बांनी पेटी उलटी केली, खालचा पत्रा काढला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मी पडद्याआडून पाहत होते. अम्मीही येऊन उभ्या राहिल्या.

“दोन रस्ते हायेत,” अब्बा म्हणाले. “तीन-चार पुर्जे बदलले त आवाज थोडा वाढन. नाही त सारं उसवून नव्यानं बांधा लागन.”

“उसवू नका,” अम्मी म्हणाल्या. “त्याच्या हातचं हाय ते.”

“बरं. नाही उसवत.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तार जोडताना ती आधी खिळीभोवती गुंडाळतात, मग निखाऱ्यात तापवलेल्या तांब्याच्या सळईने तिच्यावर राळ आणि कथील वितळवतात. त्याला टाका म्हणतात. उजव्या हाताचा माणूस तारेला वळसा देतो तो घड्याळाच्या काट्यासारखा. युनूसभाई डावखुरा. त्याचा वळसा उलटा. आमच्या तालुक्यात असा टाका घालणारा दुसरा कोणी नव्हता.

मला हे ठाऊक आहे, कारण अब्बा नमाजाला गेले की युनूसभाई मला टाके घालायला शिकवायचा. तो गेल्यावर अब्बांना ते कळलं. “एक लेकरू गेलं माझं,” ते म्हणाले. “अशा पेटीचा झटका बसला त मानूस जागीच मरते. पुन्हा सळईले हात लावला त शाळा बंद.” मी यंदा सातवीच्या फायनलला बसणार आहे. पास झाले तर मुलींच्या शाळेत शिकवता येईल, असं आमच्या शाळेतल्या रुख्मिणीबाई म्हणतात. म्हणून त्यानंतर मी सळईला बोटही लावलं नव्हतं.

अब्बांनी त्याच दिवशी तीन पुर्जे बदलले. मंगळवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली.

“हुस्ना, हे तू केलं?”

पेटी उलटी ठेवलेली होती. तीन नवे पुर्जे, तीन नवे चकचकीत टाके. तिन्हींचा वळसा उलटा होता.

मी मान हलवून नाही म्हटलं. अब्बांना ते पटलं नाही. पटणार कसं? युनूसभाईच्या हाताखाली शिकलेलं घरात दुसरं कोण होतं?

“जुम्म्यापर्यंत पाह्यतो,” ते म्हणाले. “पुन्हा दिसलं त फायनल गिनल काही नाही. घरात बसाचं.”

मग ते चिडले आणि त्यांनी दुसरा रस्ता धरला. बुधवारी दिवसभर पेटी उसवली. एकेक तार कापली, एकेक पुर्जा उपटला. शेवटी उरला भोकं पडलेला नुसता पत्रा. जमिनीवर पडलेले तारांचे तुकडे अम्मींनी वेचून ओढणीच्या पदरात बांधले आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. त्या दिवशी आम्ही सकाळच्याच भाकरी खाल्ल्या.

गुरुवारी सांजेपर्यंत अब्बांनी सगळं नव्याने बांधलं. नवी तार, नवं कथील. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. “पाहून घे. सारे सिधे हायेत ना?” सगळे सरळ होते. त्यांनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली आणि दाराला आडवी खाट टाकून तिच्यावर निजले.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून ते आले तेव्हा दोन वाजले असतील. बाहेर इतकं ऊन होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. गरम वारा आत येऊ नये म्हणून दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. अब्बांनी कुलूप काढलं, शेगडी पेटवून सळई तापत ठेवली आणि मला कंदील धरायला बोलावलं.

आत पाऊल टाकताच मला राळेचा वास आला. ताजा. आदल्या सांजेपासून त्या खोलीत कोणी राळ जाळली नव्हती.

अब्बांनी पेटी उलटी केली. मी कंदील खाली नेला.

सगळे टाके उलटे होते. एकूण एक.

अब्बांनी एका टाक्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. बोटाच्या टोकावर फोड आला होता. कथील अजून वितळलेलं होतं.

“किल्ली...” ते म्हणाले. “किल्ली त माह्या कमरेले होती...”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

“बस इथं. घे सळई. माह्यासमोर एक टाका घाल.”

मी तार घेतली, एका रिकाम्या खिळीला गुंडाळली, राळ लावली, कथील सोडलं. धूर डोळ्यांत गेला. अब्बांनी वाकून पाहिलं. वळसा सरळ होता. माझा हात उजवा, माझा वळसा उजवा.

त्यांनी मोठा श्वास सोडला. “तू नव्हं, बेटा. मी उगाच...” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “शाळेत जा. फायनल दे. कोनी अडवत नाही तुले.”

मला रडू आलं. भीती होतीच, पण त्या एका क्षणी मला नुसता आनंद झाला होता, हे मी खोटं लिहिणार नाही. मी ओढणीने डोळे पुसले. आम्ही दोघांनीही पुन्हा खाली पाहिलं, बस इतकाच वेळ गेला.

माझा टाका उलटा झाला होता. थंड, मळकट, पक्का. जणू तसाच घातलेला.

“अब्बा... मी तर...”

“मी पाह्यलं,” ते म्हणाले. “मी पाह्यलं ना... बोलू नको.”

पडद्याआडून अम्मींचा आवाज आला. अगदी शांत. “मी म्हटलं होतं, उसवू नका. त्याले बसाले जागाच नाही ठेवली तुमी.”

पत्रा बसवून अब्बांनी फळ्या उघडल्या. चार वाजता उदयसिंग आले, पेटीला बॅटरी जोडून गिटार वाजवली. आवाज थेट दर्ग्याच्या कमानीपर्यंत गेला असेल. “वा! आता कसं!” ते म्हणाले. अब्बांनी मान खाली घालून पेटी गाडीत ठेवून दिली.

ही आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. मालेगावहून काही वाईट कळलं नाही. लग्न चांगलं झालं म्हणतात. दुकानात अब्बा घालतात ते टाके आता सरळच राहतात, मी रोज चोरून पाहते. अब्बा हळूहळू पुन्हा बोलू लागले आहेत. परवा सोमवारी माझी फायनल आहे.

पण काल रुख्मिणीबाईंनी माझी वही हातात घेतली आणि विचारलं, “हुस्नाबानो, अक्षर बदललंस का गं? चांगलं आहे, पण सगळं डावीकडे झुकलंय. आणि ओळी कशाने पुसतात?” घरी येऊन हात धुतले तर डाव्या करंगळीच्या कडेने मनगटापर्यंत शाई लागली होती. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला ती तिथे लागत नाही. अब्बांनी पाहिलं तर त्यांना काय वाटेल? त्यांनी मला शाळेत जाऊ दिलं ते फक्त माझा हात उजवा आहे म्हणून.

आत्ताही हे पान पुसत चाललं आहे. अब्बा दुकानातून हाक मारत आहेत. “हुस्ना, वही घेऊन ये इकडं!” दुसरी हाक झाली. त्यांनी उठून यायच्या आत लिहायचा टाक खाली ठेवायला हवा. मघाशी उजव्या हाताने तो काढून घ्यायला गेले, तर डाव्याने माझं मनगट