रिकामी ठेवलेली रायफल

वाचून हसायचं तर खुशाल हसा. पण ही ऐकीव गोष्ट नाही. हे आमच्याच घरात घडलंय, माझ्या मोरेश्वर काकांच्या बाबतीत.

साल २००६. जागा, मिशिगनमधलं ट्रॉय. सुरुवात झाली खंडेनवमीच्या दिवशी.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आयुष्यभर गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. काकांनी ब्रिटिश लष्करातली जुनी थ्री नॉट थ्री रायफल घेतली.

तिची चांगली काडतुसं मिळणं महाकठीण. म्हणून काका उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जमवायचे आणि बेसमेंटमध्ये पुन्हा भरायचे. पुंगळी साफ करायची, ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची.

सुलेखा काकू म्हणायच्या, "करंज्या भरायला बोलावलं की ह्यांची कंबर दुखते. ह्या बऱ्या भरता येतात."

त्या वर्षी एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शनात, एका म्हाताऱ्या बाईने कॉफीचा डबाभर पुंगळ्या काकांना तशाच देऊन टाकल्या. तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या होत्या म्हणे.

घरी येऊन काकांनी त्यातली एक सहज रायफलमध्ये घालून पाहिली...

अलगद बसली.

असं सहसा होत नाही. पुंगळी एकदा उडाली की फुगून त्याच बंदुकीच्या मापाची होते. दुसऱ्या बंदुकीत घालायची तर आधी दाबून मापात आणावी लागते. काकांचा जुना मित्र अरुण तिथेच होता. तो म्हणाला, "मोरेश्वर, यार, ह्या ह्याच रायफलमधून उडाल्यात."

रायफल तर ओहायोतल्या एका डीलरकडून आली होती. पण दोघांना लॉटरी लागल्याचा आनंद. त्यांनी सगळ्या पुंगळ्या भरून काढल्या.

खंडेनवमीला काकूंनी रायफलची पूजा केली. प्रत्येक काडतुसाला कुंकवाचं बोट लावलं. पूजेतलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं, हे काकूंनी बजावून सांगितलं. पण अरुणने त्याच दुपारी नेमबाजीची रेंज बुक केली होती.

"पूजा झाली ना? मग आता कॅन्सल कशाला करायचं?" म्हणत काका रायफल घेऊन गेले.

संध्याकाळी परत आले. रायफल साफ केली, रिकामी असल्याची खात्री केली आणि पोलादी कपाटात कुलूपबंद ठेवली.

दुसऱ्या दिवशी रायफलचा बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, मागे ओढला तर...

आत काडतूस होतं.

काका आठवू लागले. काल आपण स्वतः नळीतून आरपार उजेड पाहिला होता की नाही? त्यांनी काडतूस काढलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा कुलूप लावलं.

दोन दिवसांनी तेच.

मग तिसऱ्यांदा तेच.

काकांना भुताची भीती वाटली नाही. त्यांना माझ्या वडिलांची आठवण झाली. विसरण्याच्या आजारात ते गेले. शेवटी शेवटी मलाच विचारायचे, तुम्ही कोण. आता आपली पाळी आली, असं काकांच्या मनाने घेतलं. रात्री उठून ते नातेवाइकांची नावं पुटपुटायचे.

पुढच्याच महिन्यात त्यांची मुलगी राधिका बाळाला घेऊन कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून येणार होती.

काकूंनी स्पष्ट सांगितलं, "घरात भरलेली बंदूक असेल तर मी तिला येऊ देणार नाही. आणि तुम्ही डॉक्टरकडे चला."

"एकदा शेवटचं बघू," काका म्हणाले.

उरलेली सगळी काडतुसं अरुण आपल्या घरी घेऊन गेला. रिकामी रायफल काकूंच्या देखत कपाटात गेली. कपाटाची एकुलती एक किल्ली काकूंनी सेफ्टी पिनने मंगळसूत्रात अडकवली.

चार-पाच दिवस काहीच झालं नाही. आपणच ते करत होतो, असं काकांना वाटू लागलं.

मग एका संध्याकाळी दोघं जेवायला बसले होते. समोरासमोर.

खालून आवाज आला...

खट... खटाक.

बोल्ट बंद झाल्याचा आवाज. काकूंच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनीही तो ऐकला होता.

दोघं खाली गेले. कपाटाला कुलूप होतं. काकूंनी गळ्यातली किल्ली काढून ते उघडलं. काकांनी बोल्ट ओढला. काडतूस फरशीवर पडलं आणि घरंगळत काकूंच्या पायाशी आलं.

त्याच्यावर कुंकू होतं.

अरुणला फोन केला. त्याने काडतुसांचा खाचांचा डबा उघडून पाहिला. एक जागा रिकामी होती.

आणि काका हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "सुलेखा, म्हणजे मला काही झालेलं नाही. ऐकलंस ना तू? मी ठीक आहे."

काकूंनी मला नंतर सांगितलं, "मला त्या रायफलीची वाटली नाही इतकी भीती तेव्हा ह्यांची वाटली."

दुसऱ्याच दिवशी अरुणने रायफल आणि काडतुसं डीलरकडे देऊन टाकली. राधिका आली, बाळ घरभर रांगलं. काका ही गोष्ट तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात रंगवून सांगायचे.

दोन वर्षांनी काकांना तोच आजार निघाला, जो माझ्या वडिलांना होता. डॉक्टर म्हणाले, तो बराच आधी सुरू झाला असणार.

परवा भेटायला गेलो तर काकांनी मला ओळखलं नाही. काकू मात्र मला किचनमध्ये घेऊन गेल्या. हल्ली दर वेळी नेतात. आणि हलक्या आवाजात एकच विचारतात.

"किल्ली तेव्हा माझ्याकडेच होती, हो ना रे? ह्यांना मी दिली नव्हती?"

मी म्हणतो, "हो काकू, तुमच्याकडेच होती."

मी तिथे नव्हतो.