कुमूला उठवलं त्या दुपारी

ही गोष्ट रचलेली नाही. पटणार नसेल त्याने इथेच सोडून द्यावी, मी वाद घालणार नाही.

मीनल माझी मामेबहीण. तिने हे मला एकदाच सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही मात्र भर दुपारची आहे.

साल १९९७, मे महिना. अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या बाजूने तेव्हा नव्या बिल्डिंगी उठत होत्या. त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर मीनल राहायची. नवरा दिनानाथ मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होता. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा. मधला अख्खा दिवस मीनलचा.

दिनानाथ बिजवर. पहिली बायको स्टोव्हच्या भडक्यात गेली, एवढंच लग्नाआधी कानावर घातलं होतं. घरात तिचा फोटो नव्हता. नावही कुणी घेत नसे. पण दुधाच्या पातेल्यावर कोरलेलं नाव कोण पुसणार?

'चि. सौ. कुमुदिनीस, आईकडून.'

मीनल रोज त्याच पातेल्यात दूध तापवायची.

मीनलचं माहेर उल्हासनगरचं, चार नंबर कॅम्पातलं. लहानपणी भावाबरोबर टीव्ही गेम खेळलेली. पण भावाला मारामारीचे गेम लागायचे. तिला हवे असायचे ते लांबलचक गेम. त्यात गोष्ट असते, गावं असतात, आपल्या माणसांना आपण नावं द्यायची आणि त्यांना घेऊन महिनोन्‌महिने हिंडायचं. ते तिच्या वाट्याला कधी आलेच नाहीत. पुढे पोरं कॉम्प्युटरच्या नादी लागली आणि भावाने जुना सेट तिला देऊन टाकला. तिने ठरवलं, राहिलेले सगळे जुने गेम आता एकेक करून संपवायचे. लोक हसले तर हसू देत.

कॅसेट ती माहेरी गेली की टहलराम शेठच्या दुकानातून बदलून आणायची. त्या खेपेला शेठने तळातली एक कॅसेट काढून दिली.

"ये लंबावाला है बेटी. बच्चे लोग को बोर होता है, वापस कर देते हैं. अंबरनाथ का कोई साहब पूरा डिब्बा दे गया था."

कॅसेटवर एक मरून टिकली चिकटवलेली होती. कपाळावर लावतात ती.

मीनलला गंमत वाटली. ही कॅसेट कुणा बाईची होती तर.

दुसऱ्या दिवशी जेवण आटपून तिने सेट लावला. या कॅसेटींच्या आत छोटी बॅटरी असते, त्यामुळे आधी खेळणाऱ्याचा गेम तसाच राहतो. इथेही एक गेम अर्धवट होता. मीनलने उघडून बघितला.

एका गावातलं देऊळ. देवळाच्या दाराबाहेर एक योद्धा उभा. त्याच्या डोक्यावर इंग्रजीत तीन अक्षरं. ए, एच, ओ.

अहो.

मीनल एकटीच खो खो हसली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून गेममध्येसुद्धा त्याला 'अहो' ठेवणारी बाई आपल्याकडचीच असणार. कोण असेल बिचारी?

अहोच्या मागे एक शवपेटी होती.

त्या गेममध्ये गडी मेला की त्याची पेटी होते आणि बाकीच्यांच्या मागून फरफटत येते. देवळात नेलं की पुजारी त्याला परत उठवतो. या बाईने आपला मेलेला गडी देवळाच्या दारापर्यंत आणला होता आणि गेम बंद केला होता. उद्या उठवू म्हणून ठेवलं असेल.

मीनलने पेटीवरचं नाव वाचलं...

कुमू.

तिचं हसू तिथल्या तिथे विरलं. आतून दूध उतू गेल्याचा वास आला. ती धावत गेली.

गॅस बंद होता. पातेलं कोरडं होतं, पालथं घातलेलं. 'कुमुदिनीस, आईकडून.'

तिने पुजाऱ्याला काही सांगितलं नाही. कुमूला उठवायला तिची छाती झाली नाही. त्या दोघांना घेऊन ती गेममध्ये लांबच्या एका गावात गेली, तिथल्या धर्मशाळेत त्यांना ठेवलं आणि सेट बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लावला, तर...

दोघं परत देवळाच्या दाराबाहेर.

तिने पुन्हा लांब नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. फक्त आता पेटी मागे नव्हती. पेटी पुढे होती, दाराला टेकलेली, आणि अहो मागे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला...

फस्स. फस्स. फस्स.

स्टोव्हला पंप मारल्यासारखा.

घरात स्टोव्ह नव्हता. म्हणजे मीनलला तसं वाटत होतं.

शेजारच्या कुंदावहिनींना तिने धीर करून विचारलं, "वहिनी, त्या पहिल्या... त्या गेम खेळायच्या का हो?"

कुंदावहिनी निवडायला घेतलेली मेथी तशीच धरून बसल्या.

"तुला कोणी सांगितलं? दुपारभर खेळायची. तिचा भाऊ बोटीवर होता, त्याने आणून दिलेला सेट. तुझ्या नवऱ्याला ते बिलकूल खपायचं नाही. आवाज यायचा आम्हाला."

"कसला आवाज?"

"त्याचा. तिचा कधीच नाही." मग त्या हळूच म्हणाल्या, "एक सांगते, माझं नाव घेऊ नकोस. तेव्हाही गॅस होता गं त्यांच्याकडे. मग स्टोव्ह कशाला पेटवला, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. दार लावलेलं होतं. दिनानाथ म्हणाला, मी खाली गेलो होतो. आम्ही कुणी त्याला खाली बघितलं नाही."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"चुकलंच," कुंदावहिनी म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

त्या संध्याकाळी दिनानाथ घरी आला आणि टीव्हीजवळ थबकला. कॅसेट वरच पडलेली होती. मरून टिकली दिसत होती.

"ही कुठून आणलीस?"

"उल्हासनगरहून. का हो?"

जेवताना त्याने फक्त एवढं विचारलं, "शेजारी काय बोलतात आपल्याबद्दल?"

मीनल म्हणाली, "काही नाही." पण तिचा घास हातातच राहिला आणि त्याने ते बघितलं.

रविवारी त्याने माळ्यावरून एक खोका उतरवला. आत पितळी स्टोव्ह होता. काळा पडलेला. अंगणात बसून घासावा तसा त्याने तो गॅलरीत बसून घासला, पिन मारली, रॉकेल भरलं आणि ओट्यावर ठेवला.

"गॅस कधी संपेल सांगता येत नाही," तो म्हणाला. "असू दे."

जो माणूस पाण्याचा पेला स्वतः भरून घेत नव्हता, तो स्टोव्ह भरत होता. मीनलला काय समजायचं ते समजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेल्याबरोबर ती खालच्या पीसीओवर गेली आणि भावाला फोन लावला. "मला घेऊन जा. आत्ता काही विचारू नकोस." भाऊ म्हणाला, उद्या सकाळी येतो.

उद्याची सकाळ यायची होती.

त्याच दुपारी तिने दार लावलं, बॅग भरली आणि वेळ जाईना म्हणून सेट लावला. देऊळ. पेटी पुढे, अहो मागे. कुंदावहिनी लग्नाला वांगणीला गेलेल्या. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं.

लॅचमध्ये चावी फिरली.

दिनानाथ. हाफ डे टाकून आलेला. त्याने आत येऊन दाराला आतून चावी फिरवली, वरची कडीही घातली आणि चावी खिशात टाकली. भरलेली बॅग बघितली. रागावला नाही. त्याच्या रागाची सवय होती मीनलला, याची नव्हती.

"चहा कर," तो म्हणाला. "स्टोव्हवर कर. गॅस संपलाय."

गॅस नवा होता. चारच दिवसांपूर्वी सिलिंडर बदललेला.

"आलेच," मीनल म्हणाली. "एवढं संपवते."

"ये लवकर. मी पंप मारून ठेवतो."

तो आत गेला. फस्स. फस्स. फस्स. तोच आवाज. ती आधी ऐकत होती तोच.

खिडकीला ग्रिल होतं, गॅलरीची वाट स्वयंपाकघरातून. दाराची चावी त्याच्या खिशात. ओरडलं तरी खालून कुणी येईपर्यंत उशीर झाला असता. मीनलच्या हातात फक्त गेमचा रिमोट होता. मला ती म्हणाली, "घरात आम्ही दोघंच नव्हतो, हे मला माहीत होतं. मग म्हटलं, जी आहे तिला तरी हाक मारू."

तिने पेटी देवळात नेली.

पुजाऱ्याने विचारलं, कुणाला उठवायचं?

मीनलने कुमूच्या नावावर बटण दाबलं.

पेटी उघडली. तिथे एक बाई उभी राहिली. मीनलने मागच्या योद्ध्याकडे बघितलं. त्याच्या डोक्यावर आता 'अहो' नव्हतं. चार अक्षरं होती...

दिना.

आणि पंपाचा आवाज थांबला.

स्वयंपाकघरातून एका बाईने हाक मारली. शांतपणे, लाडीगोडीने नव्हे आणि रागानेही नव्हे...

"दिना. ए दिना."

"नावाने काय हाक मारतेस गं?" दिनानाथ आतून खेकसला. मग मीनल बाहेर आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं. कारण पुढचं तो अगदी बारीक आवाजात बोलला.

"तू?"

स्वयंपाकघराचं दार लागलं. त्या दाराला आतून कडीच नव्हती. तरी त्याने धडका मारल्या, मीनलने बाहेरून ओढलं, ते हललं नाही. हो, तिने ओढलं. ती मला हेही म्हणाली की, फार जोराने नाही ओढलं.

तो मीनलला हाका मारत होता. फटीतून उजेड आला, पिवळा. मग हाका थांबल्या.

खालच्या मजल्यावरच्या शंकररावांनी बाहेरचं दार फोडलं तेव्हा स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. पोलीस आले, सगळे म्हणाले तेच त्यांनी मानलं. स्टोव्हचा भडका. पहिल्या वेळीही हेच मानलं होतं.

पण शंकररावांनी मला स्वतः सांगितलंय. स्टोव्ह थंडगार होता. टाकी काठोकाठ भरलेली. शेजारची काडेपेटी कोरी, खिडकीचा पडदा कोरा. जळला होता तो फक्त एक माणूस. आणि ओट्यावर दुधाचं पातेलं होतं, पालथं, स्वच्छ घासलेलं.

मीनल आता बदलापूरला असते. एका शाळेत शिकवते. मी तिला विचारलं, ती कॅसेट जाळलीस ना?

"का जाळू?" ती म्हणाली. "टहलराम शेठला परत दिली. टिकली निघत आली होती, नवी लावली."

"मीनल, ती कॅसेट दुसऱ्या कुणाच्या घरी गेली तर?"

"गेलीसुद्धा. माझ्यासमोरच एका बाईने घेतली. नवरा बाहेर स्कूटरवर बसून हॉर्न मारत होता. तिच्या मनगटावर बोटं उठलेली दिसली मला." मीनलने चहाचा कप खाली ठेवला. "म्हटलं, घेऊ दे. लांबचा गेम आहे, दुपार जाईल."

मी तसा सरळ माणूस आहे. बायकोवर कधी हात उगारला नाही. तरी सांगतो, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दुपारी आतून हाक आली की ओ देण्याआधी मी बायको कुठे आहे ते बघतो.

ती मला अहो म्हणते. नावाने हाक मारत नाही.

गेल्या रविवारी ती गच्चीवर पापड वाळत घालत होती, आणि आतून कुणीतरी माझं नाव घेतलं...

मी अजून ओ दिलेली नाही.