लंगडीची खुंटी

मिस्त्रीणबाई इंजिनघरात उतरली ती पंख्याला तेल द्यायला. दुसरं काही कारण नव्हतं. पंखा कुरकुरत होता, आणि कुरकुरणाऱ्या पंख्याखाली डोळ्याला डोळा लागत नाही, एवढं शहाणपण तिला इतक्या वर्षांच्या नोकरीने दिलं होतं. हातात तेलाची बुधली, खांद्यावर फडकं, आणि अंगात असा शिणवटा की वाटावं, इथेच शिडीला टेकावं आणि सगळं जग गेलं खड्ड्यात म्हणावं.

जहाज 'पाठराखीण' वर्गाचं होतं. तुम्ही पाहिलं नसेल; नाही पाहिलंत तरी काही बिघडलं नाही. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर माल नेणाऱ्या जहाजांचा तांडा निघाला की लुटारूंपासून राखायला ही जहाजं सोबत जायची. चिलखत जाड, तोफा मोजक्या, आणि माणसांना राहायला जागा? नकाशा काढणारा ती विसरलाच असावा. इंजिनघरात तर ताठ उभं राहायची सोय नव्हती. "इथे नम्रपणा फुकटात शिकवतात," असं मिस्त्रीणबाई नव्या माणसांना सांगायची.

या वर्गाची एक रीत मात्र पक्की होती. पाठराखीण कधी आपल्या मर्जीने धावत नाही. तांड्यातलं सगळ्यात हळू जहाज ज्या चालीने चालेल, तीच तिची चाल. त्यासाठी इंजिनघराच्या भिंतीवर एक पितळी फळी होती आणि फळीत भोकं. तांड्यातल्या प्रत्येक जहाजाची एक खुंटी आपापल्या भोकात बसवलेली असायची. तिच्यातून त्या जहाजाची चाल कळायची आणि इंजिन आपोआप सगळ्यात सुस्त जहाजाशी जुळवून घ्यायचं. एखाद्याला मागे सोडायची वेळच आली, तर त्याची खुंटी उपटायची. तीही त्या जहाजावरच्या माणसाने स्वतः तसं सांगितलं तरच. फळीवर रिकामी भोकं बरीच होती, मागे सोडलेल्या एकेका जहाजाचं एकेक. ती जुन्या फेऱ्यांमधली, तिच्या आधीच्या मिस्त्रींच्या हातची. त्यांच्याबद्दल कोणी विचारत नसे.

एक भोक मात्र तिच्या हातचं होतं.

ते लंगडीचं. पंप अडखळत चालायचा, टक... टकटक, म्हणून त्या मालवाहू डब्याला सगळे लंगडी म्हणायचे. त्यावर माणूस एकच, मिस्त्रीणबाईचा धाकटा भाऊ. मागच्या फेरीत लंगडीचं इंजिन बसलं आणि लुटारू पाठीवर आले. फळीशेजारच्या कर्ण्यातून त्याचा आवाज आला होता, अगदी बाजारात भेटल्यासारखा.

"ताई, काढ खुंटी. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच मागून."

"गप रे! वेड लागलंय का तुला?"

"काढ गं. माझ्या एकट्यापायी सगळा तांडा बुडवशील का?"

तिने काढली. पुढे शोधायला जहाजं गेली, तर एक खिळासुद्धा मिळाला नाही. भावजय रडली नाही. या फेरीला निघताना दारात उभी राहून तिने एवढंच म्हटलं, "वन्सं, आलोच म्हणालेत ना ते? मग येतील. तुमच्याच सोबतीने येतील. घेऊन या." त्यावर मिस्त्रीणबाई "आणते" म्हणून गेली. दुसरं काय म्हणणार होती बिचारी? ही फेरी संपली की नोकरीला रामराम ठोकून भावजयीकडेच राहायचं तिने ठरवलं होतं. दोघी म्हाताऱ्या होऊ, भांडू, पण एकमेकींना धरून राहू.

तर ती पंख्याला तेल देत होती आणि इंजिनाचा आवाज उतरला.

कर्ण्यातून कप्तानाने विचारलं, "मिस्त्रीणबाई, चाल का कमी केलीत?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"पुढची जहाजं शंख करतायत. पाठराखीणच मागे पडली म्हणतात."

तिने सगळं पाहिलं. तेल ठीक, नळ्या ठीक, सगळ्या खुंट्या घट्ट, सगळी जहाजं धडधाकट धावत होती. तरी चाल उतरतच होती. कोणी दमलेला माणूस मागून येतोय आणि आपण त्याच्यासाठी थांबत थांबत चालतोय, तशी. मग तिला वास आला. बामाचा. भावाची पाठ सदा धरलेली असायची आणि तो बाम असा थापायचा की गल्लीच्या टोकाला कळावं, स्वारी आली म्हणून.

तिने लंगडीच्या रिकाम्या भोकावर बोट ठेवलं. ते कोमट होतं.

टक... टकटक.

आवाज बाहेरून येत होता, चिलखताच्या पलीकडून. पलीकडे हवेचा कण नाही, आवाज येणार कुठून? आणि खरं सांगायचं तर, भीतीच्याही आधी तिला भरून आलं.

कप्तान स्वतः खाली आला. वाकून आला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तोही माणूसच, किती दिवस नीट झोपला नव्हता कोण जाणे. तिने त्याला ते कोमट भोक दाखवलं.

"या चालीने गेलो तर बंदरापर्यंत हवा पुरायची नाही," तो म्हणाला. "ते भोक उगाच जागं झालंय. त्याच्यामागून इंजिनाला जाणारी तार तोडा आणि मोकळ्या व्हा."

टक... टकटक.

कप्तानाचा चेहरा उतरला. "हा... पंप..."

"तुम्हालाही ऐकू येतोय ना?"

"मला काही ऐकू येत नाही," तो पुटपुटला. "तार तोडा, मिस्त्रीणबाई. तुमच्या पाया पडतो."

तिने कात्री घेतली, फळीमागे हात घातला, तार सापडली. हात पुढे जाईना. एकदा सोडलं होतं, ते त्याने स्वतः सांगितलं म्हणून. आज त्याने कुठे सांगितलं होतं?

"विचारल्याशिवाय सोडता येत नाही," ती म्हणाली. "रीत आहे."

"कोणाला विचारणार...?"

तिने कर्ण्याला तोंड लावलं. "ऐकतोयस का रे?"

नुसती ती रखडणारी टकटक, बामाचा वास, आणि पायांखाली आणखी उतरत चाललेलं इंजिन. तिने पुन्हा हाक मारली. आणि मग थोरल्या बहिणीचा राग उसळून वर आला, इतके दिवस घशात अडकलेला.

"अरे, मग रेंगाळतोस काय असा? लहानपणापासून तुझं हेच! सगळे पुढे, आणि आमचे साहेब मागे दगड वेचत! हवा संपत आलीये आमची, कळतंय का? घरी ती दाराकडे डोळे लावून बसलीये. मी कोणाला सोडत नाहीये आज. पण ज्याला यायचंय त्याने नीट पाय उचलून यावं!"

टकटक थांबली.

मग आवाज पुन्हा सुरू झाला, पण भरभर. टकटक, टकटक, टकटक. इंजिनाने सूर धरला. चाल वाढली, आणखी वाढली, फळीवरचा चालीचा काटा कित्येक दिवसांत गेला नव्हता तिथे गेला.

कप्तान मटकन शिडीवर बसला. "मिस्त्रीणबाई... तुम्ही कोणाला बोलावलंत?"

तिने खणातून लंगडीची जुनी खुंटी काढली, फडक्याने पुसली आणि तिच्या भोकात बसवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंसुद्धा नाही. फळीवरून हात काढून घेताना तिला वाटलं, सगळं पितळच कोमट झालंय. बाकीची रिकामी भोकं तिने चाचपून पाहिली नाहीत. अंगात त्राणच नव्हतं.

हवा पुरली. तांडा बंदराला लागला. कप्तान निरोप न घेताच निघून गेला.

भावजय बंदराच्या फाटकाशी उभी होती. मिस्त्रीणबाईने वाटभर शब्द जुळवले होते, पण भावजयीने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

घरापर्यंतचा रस्ता लांब, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या खोल्या. भावजय अगदी पाऊल मोजून चालत होती.

"चल ना गं लवकर," मिस्त्रीणबाई म्हणाली. "पाय तुटायला आलेत माझे."

"हळू चला ना, वन्सं. यांची पाठ धरलीये."

बामाचा वास भपकन आला. मिस्त्रीणबाईने मान वळवली नाही. आणलं एकदाचं, असं तिला वाटलं; आणि त्याच वेळी भीतीही वाटली. पण घर जवळ होतं, ती चालत राहिली.

भावजयीने कुलूप काढलं, दिवा लावला, चहाचं आधण ठेवलं. फळीवरून कप काढले, पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. न सांगता पाहुणे आले की कोणत्याही घरात पडते, तशीच.

"एवढे जण येणार होते तर आधी कळवायचं तरी, वन्सं! इतके कप कुठून आणू मी?"

लंगडीवर तो एकटाच होता. मिस्त्रीणबाईने घाईघाईने दार लोटायला हात घातला.

"थांबा, दार नका लावू..." भावजय हळूच म्हणाली. "अजून येतायत."

मिस्त्रीणबाई दार धरून उभी राहिली. अंगाला लागून गार वारा आत जात होता, थांबत होता, पुन्हा जात होता. तिचा हात भरून आला, तरी भावजय काही 'लावा' म्हणाली नाही.